कच्च्या वहीला पक्क्या वहीचं माप

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘माझं काम’ या सत्रात केलेलं भाषण)

आदरणीय सर, आदरणीय बाई, हा मेळावा घडवून आणणारे आपले संयोजक आणि माझ्या बॅचच्या पोरापोरींनो,

‘पोरापोरींनो’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतले दोन-तीन चष्मे वर झाले. होऊ द्या. आजच्या दिवस चालेल.

संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल बोलायचं, आणि समजेल असं बोलायचं. दुसरी अट माझ्यासाठीच घातली असावी. आपल्या ग्रुपवर माझ्या नोकरीची चर्चा बरेच दिवस चालू आहे. ‘ही रोज निगडीहून चाकणला जाते, पण गाडी बनवत नाही, विकत नाही, दुरुस्तही करत नाही. मग करते काय?’ तर मी गाडीचं पुस्तक बनवते. तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात जे पुस्तक असतं आणि जे तुमच्यापैकी कुणीही उघडलेलं नाही, ते. त्याहून मोठं असतं मेकॅनिकचं सर्व्हिस मॅन्युअल. गाडी कशी खोलायची, कशी जोडायची, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे सगळं त्यात. ते मात्र उघडावंच लागतं.

आपण शाळेत होतो तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. कारखाने इकडे होते. कुणाचे वडील टेल्कोत, कुणाचे बजाजमध्ये, कुणाचे एचएमध्ये. पुढे कारखाने नाशिक रस्त्याने वर सरकले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज-बेंझ आली, मग महिंद्रा आली. त्यांच्यामागून सुटे भाग करणारे आले. या सगळ्या गाड्यांना, इंजिनांना, पंपांना पुस्तकं लागतात, आणि एकेका पुस्तकाची चार रूपं लागतात. एक छापील, एक पीडीएफ, एक डीलरच्या टॅबलेटवर, एक परदेशी भाषेत. मजकूर एकच. तो चार वेळा लिहिला तर चार ठिकाणी चार चुका होणार. म्हणून तो एकदाच लिहायचा, आणि असा लिहायचा की यंत्राला त्यातला प्रत्येक तुकडा काय आहे ते कळेल. त्या लिहिण्याच्या रीतीला एक्सएमएल म्हणतात.

नावाला घाबरू नका. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता त्या वर्डच्या फाइलच्या पोटातही एक्सएमएलच असतं. आई फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची ना, हळद, धणे, रवा? तसंच हे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावायची. ही पायरी. हा इशारा. हा सुट्या भागाचा नंबर. हा टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं माप. छापताना इशारा लाल चौकटीत जाईल की टॅबलेटवर पिवळ्या पट्टीत, हे नंतरचं. लिहिताना फक्त ‘हा इशारा आहे’ एवढं सांगायचं.

आता, चिठ्ठ्या लावल्या तरी बरोबर लावल्या का, हे कुणी तपासायचं? त्यासाठी जे नियम लिहून ठेवतात त्याला स्कीमा म्हणतात. माझे वडील इन्स्पेक्शनमध्ये होते. त्यांच्या भाषेत सांगायचं तर स्कीमा म्हणजे गेज. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी गो–नो-गो गेज हा शब्द जेवताना ऐकलेला आहे. गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. वाद नाही, चर्चा नाही. स्कीमाही तसाच. फाइल लावली की पास किंवा नापास.

हे गेज एकाच प्रकारचं नाही, चार प्रकारचं आहे. १९८६ साली एसजीएमएल नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचं सुटसुटीत रूप म्हणून एक्सएमएल आलं, आणि येताना जुन्या घरातून डीटीडी हे गेज घेऊन आलं. डीटीडी एवढंच पाहतं की कुठल्या डब्यात कुठला डबा आहे. आतला मजकूर आकडा आहे की अक्षरं, हे त्याला कळत नाही. टॉर्कच्या जागी ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलंत तरी पास.

मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा आला. आम्ही त्याला एक्सएसडी म्हणतो. हा फार कडक. त्याच्याकडे तयार मापंच चव्वेचाळीस. पूर्णांक, दशांश, तारीख, वेळ, सगळं. ‘हा आकडा शून्य ते पाचशेच्या मधलाच हवा’ असंही सांगता येतं. त्याच वर्षाच्या शेवटी रिलॅक्स एनजी आलं. जपानचे मुराता माकोतो आणि जेम्स क्लार्क या दोघांनी आपापली दोन कामं एकत्र करून ते उभं केलं. ते वाचायला सोपं, आणि लेखकाच्या हाताला थोडी सैल दोरी देणारं. आणि त्याआधी, १९९९ मध्ये, तैवानच्या ॲकॅडेमिया सिनिका या संस्थेत काम करणाऱ्या रिक जेलिफ यांनी स्कीमाट्रॉन केलं होतं. त्याची चाल वेगळी. ते साचा लावत नाही, प्रश्न विचारतं. ‘हे असेल तर ते आहे का?’ आणि उत्तर नाही असेल तर काय निरोप दाखवायचा, ते वाक्य आपण आपल्या भाषेत लिहून ठेवायचं.

या चारांत चांगलं कुठलं? नोकरीला लागले तेव्हा माझं उत्तर तयार होतं. सगळ्यात कडक ते सगळ्यात चांगलं. आता माझी फजिती सांगते. फजिती म्हणणंही हलकं होईल.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. नव्या मॉडेलचं मॅन्युअल करायचं होतं आणि स्कीमा करायचं काम माझ्याकडे आलं. मी एक्सएसडी घेतला आणि जीव ओतून कडक केला. प्रत्येक टॉर्क आकड्यातच हवा. तो शून्यापेक्षा मोठा हवा. रिकामा चालणार नाही. आणि फाइल पास झाल्याशिवाय ती सर्व्हरवर ठेवताच येणार नाही. साहेब खूश. मी त्याहून खूश. पहिल्या महिन्यात एकही नापास फाइल नाही! मी तो आलेख मीटिंगमध्ये दाखवला होता, तो अजून आठवतो.

आमच्याकडे लिहिणाऱ्यांत एक काका होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. आयटीआय झालेले, वीस-बावीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढून मग आमच्या विभागात आलेले. इंग्रजी साधं, पण गाडी डोळे मिटून खोलतील. ब्रेकचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. ते लिहीत होते तेव्हा पुढच्या ब्रेकच्या एका बोल्टचा टॉर्क डिझाइनवाल्यांनी अजून नक्की केलेला नव्हता. चाचण्या चालू होत्या. नव्या मॉडेलमध्ये असं नेहमीच असतं. त्या दिवशीचं खरं उत्तर होतं, ‘अजून ठरलेलं नाही.’ पण माझ्या स्कीमात हे उत्तर लिहायला जागाच नव्हती. ‘बाकी’ लिहिलं तर नापास. रिकामं ठेवलं तर नापास. शून्य लिहिलं तर नापास, तीही मी हुशारीने बंद केलेली वाट. संध्याकाळी सहाची कंपनीची बस, फाइल आत गेलीच पाहिजे. काकांनी जुन्या मॉडेलचा आकडा टाकला. नंतर बदलू म्हणून. फाइल पास झाली. हिरवी खूण आली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. हिरवी खूण असलेल्या फाइलकडे पुन्हा कोण बघणार? पुस्तक छापून झालं. पाठवायच्या आधी मेकॅनिकच्या ट्रेनिंगमध्ये आमच्या ट्रेनरने तो आकडा वाचला आणि म्हणाला, एवढ्यावर हा बोल्ट ढिला राहील. ब्रेकचा बोल्ट, मंडळी. तो माणूस त्या दिवशी रजेवर असता तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

कुणाला इजा झाली नाही. दोन दिवस आम्ही सगळे गोडाऊनमध्ये सतरंजीवर बसून प्रत्येक पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवत होतो. मग मीटिंग झाली. विचारलं गेलं, या पानावर सही कुणाची? सही काकांची होती. ते उभे राहिले आणि ‘माझी चूक’ म्हणाले. मी समोर बसले होते. मी काही बोलले नाही. माझा स्कीमा तर बरोबर चालला होता ना! थोड्या महिन्यांनी काका निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी होते, हारही मीच आणला होता. तरी बोलले नाही.

बोलले ते वर्षभराने. राजगुरुनगरला त्यांच्या घरी गेले. चहा झाल्यावर एकदाचं सांगितलं, ‘काका, ती चूक तुमची नव्हती.’ ते हसले, आत गेले आणि खिशात मावेल अशी डायरी घेऊन आले. त्या मॉडेलच्या वेळची. पानांवर पेन्सिलीने यादी होती. प्रकरण अमुक, बोल्ट अमुक, टॉर्क बाकी, डिझाइनमध्ये कुणाला विचारायचं, कधी विचारायचं. विचारून झालेल्या ओळींवर काट मारलेली. तो एक ब्रेकचा बोल्ट काट न मारलेला. त्या आठवड्यात काकांच्या घरी लग्न होतं, ते राहून गेलं.

मी ती डायरी बघत बसले. मला जे हवं होतं ते सगळं त्या डायरीत होतं. काय माहीत नाही, कुणाला माहीत असेल, कधी कळेल. खरी माहिती एका माणसाच्या खिशात होती, आणि माझ्या कडक, हिरव्या, पास झालेल्या फाइलमध्ये खोटी. फाइलमध्ये खरं लिहायची वाट मीच बंद केली होती.

तिथून चाकणकडे परत येताना मला दोन माणसं आठवली. पहिले वडील. ओतकाम झालेला कच्चा जॉब फाउंड्रीतून येतो, तेव्हा त्याच्यावर मशिनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर जादा धातू मुद्दाम ठेवलेला असतो. वडील म्हणायचे, नवीन पोरगा फायनलचं गेज घेऊन कच्च्या जॉबवर गेला तर दिवसभरात सगळा चांगला माल भंगारात काढेल. म्हणून आवक मालाची तपासणी वेगळी, मधल्या स्टेजची वेगळी, फायनल वेगळी. पिंपरीत ही गोष्ट शाळकरी पोरालाही माहीत होती. इंजिनिअर होऊन मी ती विसरले.

दुसऱ्या आपल्या मराठीच्या बाई. बाई, तुम्ही आज समोर आहात म्हणून सांगते. निबंधाच्या कच्च्या वहीत तुम्ही लाल पेन लावत नव्हता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालायचं. फक्त पेन्सिलीने समासात लिहायचात, ‘इथे काय म्हणायचंय?’ लाल पेन पक्क्या वहीला. मला तेव्हा वाटायचं, बाई कच्च्या वहीचा आळस करतात. आता कळतं, कच्च्या वहीत लाल पेन लावलं असतं तर आम्ही तिथेही गाइडमधला निबंध उतरवला असता.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. आज आमच्याकडे एका पुस्तकाला तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकाला वेगळं गेज. थोडक्यात सांगते, कारण आपल्यातले बरेच जण वर्कशॉप चालवतात, शाळा चालवतात, दवाखाने चालवतात, आणि फॉर्म तर सगळेच भरून घेतात.

पहिला टप्पा लिहिण्याचा. तिथे रिलॅक्स एनजी. लेखकाला तुकडे मागेपुढे करता येतात, अर्धं प्रकरण जपून ठेवता येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात असा नियम लिहिता येतो की टॉर्कवर ‘ठरलेला’ अशी खूण असेल तर आकडा हवाच, आणि ‘बाकी’ अशी खूण असेल तर आकडा नको, पण कुणाला विचारायचं आणि कधीपर्यंत, ही दोन नावं-तारखांची घरं भरली पाहिजेत. एका खुणेवरून पुढचा साचा बदलायची ही सोय तेव्हाच्या एक्सएसडीत नव्हती. तुमच्या लक्षात आलं असेल, ही घरं काकांच्या डायरीतली आहेत. आम्ही ती डायरीच स्कीमात घातली.

दुसरा टप्पा तपासणीचा. तिथे स्कीमाट्रॉन. ते प्रश्न विचारतं. खोलताना काढलेला प्रत्येक बोल्ट जोडताना परत बसवलाय का? इशारा पायरीच्या आधी आहे ना, का हात भाजल्यावर सांगताय? एकाच बोल्टचा टॉर्क दोन प्रकरणांत दोन वेगळा तर नाही? असे प्रश्न डीटीडीला सुचतच नाहीत. स्कीमाट्रॉनमध्ये नियमांचे गट करून टप्प्याप्रमाणे चालू-बंद करता येतात. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला ‘बाकी’ दिसला तर ते फक्त आठवण करतं, छपाईच्या आठवड्यात अडवतं. आणि निरोप आम्ही मराठीत लिहिलेत. ‘हा बोल्ट पायरी चारमध्ये काढला, पण परत बसवलेला दिसत नाही. बघता का?’ पूर्वी यंत्र इंग्रजीत ओरडायचं आणि माणूस घाबरून काहीतरी भरायचा. आता वाचतो आणि बघतो.

तिसरा टप्पा पक्कं करून बाहेर पाठवण्याचा. भाषांतरवाले, छापखाना, डीलरचं ॲप. तिथे माझा जुना एक्सएसडी, पूर्ण कडक. कारण आता पलीकडे माणूस नाही, दुसऱ्याचं यंत्र आहे. त्याला ‘बाकी’ समजत नाही, आणि समजायची गरजही नाही, कारण तोपर्यंत बाकी काही उरलेलंच नसलं पाहिजे. एक्सएसडी समजणारी साधनंही सगळीकडे आहेत. डीटीडी? तेही ठेवलंय. काही जुन्या ग्राहकांच्या करारातच ते लिहिलेलं असतं.

कुणी विचारेल, एवढी गेजं सांभाळायला वेळ कुणाला आहे? रास्त प्रश्न. मूळ नियम आम्ही एकाच ठिकाणी, रिलॅक्स एनजीत ठेवतो. क्लार्क यांनीच केलेलं ट्रँग नावाचं मोफत साधन त्यातून एक्सएसडी आणि डीटीडी काढून देतं. सगळं जसंच्या तसं उतरत नाही, थोडं हाताने करावं लागतं. आणि ही काही माझी कल्पना नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये रिलॅक्स एनजी आणि २००६ मध्ये स्कीमाट्रॉन, ही दोन्ही एकाच मानकाचे दोन भाग म्हणून घेतली. एका गेजने भागत नाही हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. मला ते कळायला काकांची डायरी लागली.

आता तुमच्यासाठी. आपल्यातले जे शाळा चालवतात त्यांनी प्रवेशअर्ज काढून बघावा. जे सुटे भाग पुरवतात त्यांनी ऑपरेटर भरतो ती तपासणीची शीट बघावी. रकाना सक्तीचा आहे आणि सगळे रकाने नेहमी भरलेले येतात, सगळी मापं मधोमध येतात, तर आनंद मानायच्या आधी लाइनवर जाऊन विचारा, ‘माहीत नसेल तर तू काय लिहितोस?’ उत्तर मिळेल. फक्त विचारताना हातात मेमो ठेवू नका.

काका आता बरेच थकलेत. मागच्या दिवाळीला गेले होते तेव्हा त्यांना नव्या पद्धतीची फाइल लॅपटॉपवर दाखवली. ‘बाकी’ची यादी, समोर नावं, तारखा. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, ‘यात लग्नाची सुट्टी धरलीय का?’

धरली नव्हती. चाकणला परत आल्यावर तेही घातलं. आता लेखक रजेवर गेला की त्याच्या ‘बाकी’च्या ओळी आपोआप शेजारच्या टेबलावर जातात.

बाई, माझी कच्ची वही एवढीच. काही चुकलं असेल तर समासात लिहा.